नखाची खूण

मी तेवीस वर्षं नागपुरात घरोघरी कादंबऱ्या पोचवल्या आणि त्यांतली एकही सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली नाही. हे छापून आलं की माझे जुने वाचक कपाळाला हात लावतील. लावू देत. "बाई, ही घ्याच, पस्तावणार नाही," असं ज्यांना मी छातीठोकपणे सांगत आलो, त्यांना आता या वयात खरं कळलं तर माझं काय जातंय!

आमचं वाचनालय नागपूरच्या महाल भागात होतं. मालकांचं कपाटांवर लक्ष आणि माझं सायकलवर. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या, प्रत्येकीत पंचवीस-तीस पुस्तकं. सोमवारी धंतोली, मंगळवारी रामदासपेठ, बुधवारी हनुमाननगर आणि सक्करदरा, गुरुवारी अजनी, शुक्रवारी इंदोरा. आठवड्याला एक कादंबरी आणि एक मासिक द्यायचं, आधीचं परत घ्यायचं. एवढाच धंदा. टीव्ही यायच्या आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा माझ्या सायकलची घंटी वाजली की बायका पीठ भरलेल्या हातांनी फाटकापाशी यायच्या. मे महिन्यात दुपारी डांबर चपलेला चिकटायचं, तरी मी जायचो. ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवून जायचो, पण जायचो.

आता तुम्ही विचाराल, न वाचता हा माणूस पुस्तकं सुचवायचा कशी? अहो, मी पुस्तकं कुठे सुचवत होतो! मी माणसांचं रडणं-हसणं या घरून त्या घरी नेत होतो. पुस्तक हातात घेतल्याबरोबर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "बाकीचे काय म्हणतेत?" मग मी सांगायचो, "धंतोलीच्या वकीलीणबाई दोनदा रडल्या, दुसऱ्या वेळी तर पोळी करपली." पुस्तक गेलंच. एखादीबद्दल सांगायचो, "अजनीचे रेल्वे गार्डसाहेब म्हणाले, नायकाच्या दोन थोबाडीत द्यावंसं वाटते." तीही जायची, कारण थोबाडीत द्यावासा वाटणारा नायक पाहायची लोकांना भारी हौस. कोणाला कुठे हुंदका आला, कोणी पुस्तक आपटलं, कोणी नवऱ्याशी अबोला धरला, हे सगळं माझ्या डोक्यात. स्वभावच चौकस. माझी बायको म्हणायची, तुमाले लोकाच्या घरात डोकावल्याशिवाय जेवण पचत नाही.

इंदोऱ्यात मेश्राम म्हणून पोस्टात कारकून होते. दर शुक्रवारी पुस्तक परत देताना एका वाक्यात निकाल द्यायचे. एकदा म्हणाले, "दामूभाऊ, भाषा फस्क्लास हाय. पण या साडेतीनशे पानात आमचा माणूस एकच. सत्तावन्नव्या पानावर आंगण झाडाले येते अन् साठाव्यावर निघून जाते. त्याचं पुढं काय झालं, हे लेखकाले काहून नाही वाटलं?" मी आपलं पुढचं पुस्तक काढलं. पुढे काही वर्षांनी त्यांची माणसं पानभर, पुस्तकभर असलेलं लिखाण यायला लागलं, तेव्हा पहिली प्रत मी त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती तीन आठवडे ठेवली आणि मी मागितली नाही. त्या आधीची इतकी वर्षं मात्र मी त्यांना दुसऱ्यांचीच आसवं पोचवत राहिलो, याचं वाईट वाटतं.

आता खुणांचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. वाचनालयातल्या सगळ्या कादंबऱ्यांना खाकी कव्हर, पाठीवर फक्त नंबर. नेमाने वाचणाऱ्याला वर्ष-दोन वर्षांनी आठवत नाही, ही आपण वाचली की नाही. म्हणून प्रत्येकाची एक खूण असायची. वकीलीणबाई एकवीस नंबरच्या पानावर आकड्याभोवती गोल काढायच्या. गार्डसाहेब पन्नासाव्या पानावर रुळासारख्या दोन रेघा मारायचे. पुस्तक हातात आलं की आपलं ते पान उघडायचं, खूण दिसली की "वाचलेलं आहे" म्हणून परत. 'पुस्तकात काही लिहू नये' असा शिक्का पहिल्याच पानावर असायचा. पण तो शिक्का फक्त मालकांनीच वाचला असावा. मला सगळ्यांच्या खुणा पाठ होत्या. पुस्तक चाळलं की मी सांगू शकायचो, हे कोणाकोणाच्या घरी जाऊन आलं.

हनुमाननगरात वैरागडे मास्तर राहायचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, काठीसारखे ताठ, घरातसुद्धा टोपी. त्यांची खूण अकराव्या पानावर, निळ्या पेन्सिलीनं 'वै'. मास्तरांच्या बायको मथुराकाकू. त्यांना वाचता येत नव्हतं, असं सगळ्या गल्लीला माहीत होतं. म्हणून मास्तर रोज दुपारी चारच्या चहाआधी तासभर कादंबरी मोठ्यानं वाचायचे आणि काकू शेजारी बसून ऐकायच्या. ओसरीवर वाळ्याचा पडदा, पडद्यामागे मास्तरांचा खणखणीत आवाज. मी कधीकधी सायकल भिंतीला टेकवून फुकट ऐकून घ्यायचो. घरात मूलबाळ नव्हतं. एक पोट्टी होती, तीसेक वर्षांपूर्वी लहानपणीच गेली, एवढंच शेजाऱ्यांकडून कानावर आलं होतं.

एक दिवस त्यांच्याकडून परत आलेलं पुस्तक मी सक्करदऱ्याच्या तलावाच्या कठड्यावर बसून चाळत होतो. ऊन तिरपं पडलं होतं, म्हणून दिसलं. एका पानाच्या कडेला नखानं दाबलेली बारीक चंद्रकोर. पेन्सिल नाही, शाई नाही, नुसतं नख. ही खूण कोणाची? माझ्या यादीत अशी खूणच नव्हती! दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे जाऊन आलेली आणखी सहा पुस्तकं काढून उजेडात धरली. पाचांत नखाची खूण. आणि गंमत अशी की प्रत्येकात वेगळ्या पानावर. एकात अठ्ठ्याऐंशी, एकात एकशे त्रेचाळीस, एकात शेवटून दुसरं. खुणेचं पान बदललं तर खुणेचा उपयोग काय? हे कोणाला कळत नसेल असं मास्तरांच्या घरात कोण आहे?

माझं डोकं फिरायची वेळ आली. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी म्हटलं, दामू, लेका, पान तरी वाच! आणि वाचलं. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर एक मुलगा विहिरीत पडून जात होता. एकशे त्रेचाळीसव्यावर देवीच्या तापात एक मुलगी जात होती. शेवटून दुसऱ्यावर एक आई पाळण्याशी बसली होती आणि पाळणा रिकामा होता. मग मला नादच लागला. त्या काळात मी पंधरा-वीस कादंबऱ्यांचं फक्त एकेकच पान वाचलंय, आणि त्या प्रत्येक पानावर एक लेकरू गेलंय. सायकलवर बसताना पाय जड व्हायचे.

इथे माझ्या हातून जी चूक झाली, ती दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. घरोघरी पुस्तकं नेणारा माणूस काय विचार करतो? गिऱ्हाईक जिथे खूण करतं ते त्याला आवडलं. मास्तर आहेत, शिस्तीचे, तोंडानं सांगणार नाहीत, पण नखानं सांगून राहिले! मला वाटलं, मी फार हुशार. मी मास्तरांसाठी तसल्याच कादंबऱ्या हुडकायला लागलो. घरोघरी विचारत फिरलो, "यात लेकरू जाते का?" वकीलीणबाई माझ्या अंगावर धावल्या, "मेल्या, तिन्हीसांजेला असं अभद्र काय विचारतोस!" पण दोन-चार जणींनी नावं सांगितली आणि मी लागोपाठ पाच बुधवार मास्तरांना तशीच पाच पुस्तकं दिली.

पहिलं पुस्तक मास्तरांनी नेहमीसारखं परत केलं. दुसऱ्याला त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. तिसऱ्या-चौथ्याला त्यांचा आवाज बसलेला होता. सहाव्या बुधवारी मी फाटकातून आत शिरलो तर मास्तर पुस्तक हातात घेऊन ओसरीवर उभेच होते.

"दामोदर," ते म्हणाले, "तुह्या वाचनालयात माणसं जगतात अशी एखादी कादंबरी हाय का नाही? का सगळे लेखक लेकरायचे वैरी हायेत?"

"काय झालं मास्तर?"

"हे पुस्तक अर्ध्यात बंद केलं. ही पोट्टी साठ पानं आजारी हाय. साठ पानं! माणूस किती..." पुढचं त्यांनी गिळलं. "घेऊन जा. पुढच्या बुधवारपासून येऊ नोको. वर्गणी बंद."

मी गांगरलो. "पण मास्तर, तुमाले तर अशीच आवडतेत ना? तुमच्या खुणाच..."

"कोणत्या खुणा?"

मास्तरांच्या मागे दारात मथुराकाकू माझ्यासाठी ताकाचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. जोरात, दोनदा. डोळ्यांत अशी काकुळती की माझ्या अंगावर काटा आला. त्या क्षणी मला कळलं की ते नख कोणाचं होतं.

"खुणा म्हणजे... आमच्या रजिस्टरातल्या, मास्तर," मी म्हणालो. "माझीच गफलत झाली." पुस्तक पिशवीत टाकलं आणि निघालो. ताक प्यायचं राहिलं.

पण निघालो म्हणून सुटलो का? वाचता न येणारी बाई खूण करते कशी, आणि नेमकी त्याच पानावर? दुसऱ्या दिवशी मास्तर भाजीला गेलेले पाहून मी पुन्हा त्या फाटकाशी हजर. लाज नव्हतीच, म्हणा. काकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून हसल्या.

"आला का? मले माहीत होतं, तुले राहवणार नाही. बस."

"काकू, तुमाले वाचता येते?"

"येते. सावकाश येते." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला केलं. "लग्न झालं तवा त्यायनं पाटी आणली होती माह्यासाठी. मी चुकली त पोरायच्या हातावर मारतात तशी पट्टी मारली बोटावर. मी पाटी आंगणात फेकली अन् म्हटलं, तुमच्यापुढं जल्मात वाचणार नाही. मीही तशीच, तेही तसेच. मंग सुमी झाली. सुमी सात वर्साची होऊन गेली. ती गेल्यावर या घरात बोलणंच उरलं नाही, दामूभाऊ. भांड्याचा आवाज, बस. एक दिवस ते पुस्तक घेऊन आले अन् वाचाले लागले. तेवढा आवाज घरात राहिला."

"पण शिकल्या कशा?"

"ते वाचतात तवा ओळीखाली बोट फिरवतात. शाळेची सवय. मी बोटाकडे पाहत बसे. किती वर्सं पाहिलं! हळूहळू आवाज अन् अक्षर जुळाले लागलं. अन् मंग एक दिवस..." त्या थांबल्या. "बोट चार ओळी चाललं अन् तोंडातून दोनच निघाल्या. पोट्टा नदीत पडला होता पुस्तकात. त्यायनं वाचलं, त्याले कोळ्यानं वाचवलं. मी दुसऱ्या दिवशी ते भाजीले गेल्यावर पुस्तक उघडून पाहिलं. कोळी नव्हताच कुठं."

मास्तरांनी गेल्या किती वर्षांत किती लेकरं वाचवली होती, देव जाणे! विहिरीतलं वर काढलं, तापातलं बरं केलं, पाळणा पुन्हा हलता केला. आणि मी बुद्धीचा सागर, त्यांना साठ पानं आजारी असलेली पोट्टी नेऊन दिली होती.

"तुमाले सहन होत नाही असं त्याईले वाटते," मी म्हणालो.

"मले नाही. त्याईलेच होत नाही." काकूंचा आवाज एकदम कडक झाला. "मी तापात होती तवा. सुमीले अन् मले संगच ताप आला. मी घरी बेशुद्ध पडलेली, तिले टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. चार दिवसानं मले शुद्ध आली त घरात तिचा झगासुद्धा नव्हता. सगळं वाटून टाकलं होतं त्यायनं. मी विचारलं, माही पोट्टी कशी गेली? त त्यायनं तीन दिवस अन्नाले हात लावला नाही. मंग मी कधी विचारलं नाही. पण मी माय हावो ना? माह्या लेकीनं शेवटी पाणी मागतलं का, ती भ्याली का, मले हाक मारली का, मले काहीच माहीत नाही. म्हणून पुस्तकात पाहते. लेकरं जातात तवा काय होते थे. अन् जिथं लिहिलं हाय तिथं नख लावून ठेवते."

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत कोणत्या पुस्तकावर काय वाटलं हे हजार तोंडून ऐकलं. असं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. काकूच उलट म्हणाल्या, "अरे बापा, तू काहून रडून राहिला?"

मी म्हटलं, मी चोरून पुस्तकं आणून देतो, मास्तर भाजीला गेले की देईन. त्या नको म्हणाल्या. "चोरून नाही. तो तास आमचा दोघायचा हाय. ते वाचतात अन् मी ऐकते. तेवढंच हाय आमच्यापाशी. ते बंद पडलं त मी एकटी वाचून काय करू?"

आणि तो तास मी बंद पाडला होता. पुढचे दोन महिने बुधवारी त्या गल्लीतून जाताना मी घंटी वाजवत नसे.

मग एका बुधवारी मास्तरांच्या शेजारच्यानं मला चौकात अडवलं. मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांनी बोलावलं होतं. मी गेलो. मास्तर खाटेवर सरळ पडलेले. ऑपरेशन एकाच डोळ्याचं, पण त्या काळी पट्टी दोन्ही डोळ्यांवर बांधत. वाकायचं नाही, शिंकायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. टोपी मात्र डोक्यावर होती.

"दामोदर," ते म्हणाले, "मले वाचता येत नाही सध्या. हिची दुपार जात नाही. तू येऊन अर्धा तास वाचत जा. उपकार होतील."

"उपकार कसले मास्तर! कोणतं पुस्तक आणू?"

काकू पायथ्याशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मांगं अर्धं राहिलं होतं थेच. त्या पोट्टीचं पुढं काय झालं, मले ऐकायचं हाय."

मास्तरांचा हात गादीवर घट्ट आवळला गेला. काकू चहा टाकायला आत गेल्या तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कुजबुजले, "ती आण म्हणते त आण. पण जिथं पोट्टीचं वाईट होईल तिथं चार पानं उलटव. आपल्या मनानं जोड काही. तिले सहन होत नाही." आणि जाताना फाटकापाशी काकूंनी माझी बाही धरली, "काही सोडू नोको बरं, दामूभाऊ. सगळं वाच."

आता सांगा, मी करायचं काय?

दोन दिवस निभावलं. मला मोठ्यानं वाचायची सवय नाही, मध्येच ठेचकाळायचो, मास्तर पडल्यापडल्या चुका काढायचे. तिसऱ्या दिवशी ते पान आलं. एका गिरणी कामगाराची आठ वर्षांची मुलगी, बापाच्या मांडीवर डोकं, पहाट होत आलेली. मी ओळ वाचली आणि थांबलो. एका बाजूला पट्टी बांधलेले मास्तर, एका बाजूला काकू, आणि त्या पुस्तकाकडेच पाहत होत्या. डॉक्टरांचं बोलणं आठवलं. या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं आणि डोळाच गेला तर? मी घाबरलो. पान उलटलं आणि आपल्या मनानं सुरू केलं, "आणि मग सकाळी मुलीचा ताप उतरला. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, बाबा, भूक लागली."

"नाही," काकू म्हणाल्या.

त्या उठल्या, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पान मागे उलटलं आणि वाचायला लागल्या. एकेक अक्षर, एकेक शब्द, पाण्यात पाय टाकत जावं तसं. "मुलीचा... श्वास... लागला होता. बापानं तिच्या... तिच्या कपाळावर हात ठेवला."

मास्तरांची मान वळली. "कोण वाचून राहिलं?"

काकू थांबल्या नाहीत.

"मथुरा? तुले वाचता येते?" त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला होता. "कोणी शिकवलं तुले?"

"तुमीच," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्सात तुमी काय काय गाळलं थे सगळं वाचलं हाय मी. आता मले वाचू द्या."

मी उठून उभा राहिलो. "काकू, डॉक्टर म्हणाले होते..."

"दामोदर, गप बस," मास्तर म्हणाले. "तिले वाचू दे." आणि मग हळूच, "सावकाश वाच वं. पूर्णविरामापाशी दम घे."

काकूंनी ते पान पुरं वाचलं. मुलगी बापाच्या मांडीवर गेली, आईला हाका मारत, ओरडत, तडफडत गेली. लेखकानं काही हातचं राखलं नव्हतं. काकूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, त्या पुसत नव्हत्या. मी मास्तरांच्या पट्टीकडे पाहत होतो, कापूस ओला होतो की काय म्हणून.

"असं नव्हतं झालं," मास्तर म्हणाले.

काकूंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"त्याले काही माहीत नाही, लिहिणाऱ्याले. असं नव्हतं झालं. सुमी ओरडली नाही." मास्तरांनी हात पुढे केला, हवेत चाचपडला, आणि काकूंनी तो धरला. "टांग्यात तिनं मले विचारलं, आई कुठं हाय. मी म्हटलं, आई मांगच्या टांग्यात हाय, येऊन राहिली. मी खोटं बोललो मथुरे. मंग ती..."

"सांगा," काकू म्हणाल्या. "मंग ती काय म्हणाली?"

तिथे मी निघालो. जन्मभर दुसऱ्यांच्या घरातलं कान देऊन ऐकत फिरलो, पडद्यामागून ऐकलं, भिंतीला टेकून ऐकलं, आणि ज्या गोष्टीपायी मी दोन महिने तळमळलो ती माझ्यापासून दोन हातांवर सुरू झाली होती. सुमी काय म्हणाली, ते मला माहीत नाही. कळावं असं आजही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ते ऐकायला जिनं तीस वर्षं वाट पाहिली होती, ती तिथे बसलेली होती. मी चपला हातात घेतल्या आणि बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं.